तारेचे की बिनतारी?



या व्यासपीठावरून आपण दरवर्षी मोठमोठे विषय ऐकता. त्या मानाने माझा आजचा विषय अगदीच घरगुती आहे. घरात एक लॅपटॉप आहे. त्याच्यासाठी ब्रॉडबँड तारेने आणावे की बिनतारी आणावे, एवढाच प्रश्न. कोणी म्हणेल, हा दुकानदाराला विचारण्याचा प्रश्न, तो व्याख्यानमालेत कशाला? माझे उत्तर असे की, आजवर आपण तो दुकानदारालाच विचारीत आलो आणि दुकानदाराने त्याच्यापाशी जे होते ते आपल्याला दिले. म्हणून एकदा चारचौघांत बसून त्याचा विचार करावा असे मला वाटते. पंधरा वर्षांपूर्वी इंटरनेट बंद पडले तर घरातील एक करमणूक बंद पडे. आज मुलाची नोकरी घरच्या टेबलावरून चालते, मुलीची मुलाखत त्याच टेबलावर होते, आजोबांची प्रकृती मुंबईचे डॉक्टर पडद्यावरून विचारतात. त्या टेबलापर्यंत येणारी वाट मध्येच तुटली तर काय होते, हे ज्याच्या घरी घडले आहे त्याला मी सांगावयास नको.

प्रारंभीच एक गोंधळ दूर करतो. आपण ज्याला एक प्रश्न समजतो ते वस्तुतः दोन प्रश्न आहेत. नगरपालिकेचे पाणी घरापर्यंत नळाने येते की टँकरने, हा एक प्रश्न. आणि घरात आल्यावर ते स्वयंपाकघरापर्यंत नळाने न्यावयाचे की कळशीने, हा दुसरा. ब्रॉडबँडचेही तसेच आहे. बाहेरून उंबऱ्यापर्यंत ते फायबरच्या तारेने येईल किंवा मोबाइलच्या टॉवरवरून हवेतून येईल. आणि उंबऱ्यापासून लॅपटॉपपर्यंत ते तारेने जाईल किंवा वायफायने जाईल. ‘आमच्याकडे वायफाय आहे’ असे जेव्हा एखादी गृहिणी सांगते, तेव्हा तिच्या घरी बहुधा तारेचेच ब्रॉडबँड आलेले असते. फक्त शेवटचे चार खोल्यांचे अंतर ते हवेतून जाते. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे किती तरी माणसे कळशी गळकी म्हणून नगरपालिकेशी भांडतात. घरातल्या वायफायचा दोष, आणि बदलतात मात्र कंपनी!

तार आणि बिनतारी यांची ही स्पर्धा नवी नाही, आणि पुणेकरांना तर ती परकीही नाही. १८७० साली मुंबईहून एडन आणि सुएझमार्गे विलायतेपर्यंत समुद्राच्या तळाने तार गेली. पुढे पन्नासहून अधिक वर्षे परदेशी संदेशांवर त्या तारांचे राज्य होते. मग १९२७ साली मुंबई-लंडन अशी बिनतारी ‘बीम’ सेवा सुरू झाली. तिचे संदेश पाठविण्याचे केंद्र होते आपल्या खडकीला आणि घेण्याचे होते दौंडला. ही सेवा तारेपेक्षा इतकी स्वस्त पडली की समुद्री तारांच्या धनाढ्य कंपन्या हादरल्या, आणि १९२९ साली दोन्ही धंदे एका छत्राखाली आणून ती स्पर्धा मिटवावी लागली. त्या वेळी एखाद्याने या व्यासपीठावरून ‘तारेचा काळ संपला’ असे भाकीत केले असते तर त्याला टाळ्या मिळाल्या असत्या. पुढे १९७०च्या दशकाच्या आरंभी याच जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वीला उपग्रहाचे भूकेंद्र उभे राहिले. म्हणजे संदेश समुद्रातून निघाला, तो हवेत गेला आणि हवेतून अंतराळात गेला. यापुढे तार कशाला राहते?

परंतु तार राहिली. इतकेच नव्हे, तर ती परत आली. मधल्या काळात दुसरे एक काम चालू होते. पंजाबातील मोगा येथे जन्मलेल्या नरिंदर सिंग कपानी यांनी विलायतेत १९५४ साली काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र वाहून नेता येते हे दाखविले. १९६६ साली चार्ल्स काओ यांनी असे प्रतिपादन केले की काच पुरेशी शुद्ध करता आली तर प्रकाश तिच्यातून लांबवर संदेश नेईल, आणि १९७० साली अमेरिकेत तशी काच तयार झाली. काओ यांना त्याबद्दल २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या केसाएवढ्या तंतूने तांब्याची तार आणि उपग्रह दोघांनाही मागे टाकले. आज परदेशाशी होणारा आपला जवळजवळ सर्व व्यवहार पुन्हा समुद्राच्या तळाने जातो. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातील तारा तुटल्या, आणि इकडे हिंदुस्थानातील कार्यालयांत इंटरनेट लंगडू लागले, तेव्हा ते पुष्कळांना प्रथम कळले.

हे सांगण्याचा हेतू एवढाच की ‘बिनतारी’ या शब्दाने आपण फसू नये. तुमच्या मोबाइलवर लंडनहून जे येते ते समुद्राखालून काचेच्या तंतूने मुंबईला येते, मुंबईहून तसेच पुण्याला येते, आणि पुष्कळदा टॉवरच्या पायथ्यापर्यंतही तंतूनेच येते. फक्त शेवटचे फर्लांगभर अंतर ते हवेतून येते. म्हणजे आपल्यापुढील प्रश्न शेवटच्या फर्लांगाचा आहे.

आता हवेतला आणि तारेतला मुख्य फरक कोणता? लोक म्हणतात, वेगाचा. कागदावर पाहिले तर ते खरे नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या देशात ‘फाइव्ह-जी’ आले. त्याचा वेग टॉवरजवळच्या मोकळ्या जागी मोजला तर घरोघरच्या तारेला लाजवील असा भरतो. खरा फरक वेगळा आहे. हवा सर्वांची आहे आणि तार तुमची आहे.

या मंडपाचेच उदाहरण घ्या. इथे पाचशे माणसे आहेत, आणि तूर्त एकटाच बोलतो आहे म्हणून माझे बोलणे आपणांस कळते. आपण सर्वजण शेजाऱ्याशी बोलू लागलात तर कोणाचाच गळा बिघडलेला नसून कोणालाच काही ऐकू येणार नाही. टॉवरच्या हवेत हेच चालते. एका टॉवरच्या एका बाजूला जेवढी माणसे, तेवढ्यांत त्या हवेची वाटणी होते. सकाळी अकराला वाटेकरी थोडे असतात; रात्री नऊला सगळे शहर जेवून पडद्यापुढे बसते. अनंत चतुर्दशीच्या रात्री आपण अलका चौकात उभे असता. मोबाइलवर रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात, आणि तरीही ‘आम्ही इथे उभे आहोत’ एवढा निरोप घरी जात नाही. हा अनुभव कोणाला नाही? काड्या खोटे बोलत नसतात. टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत येतो आहे, एवढेच त्या सांगतात. तुमची पाळी केव्हा येईल हे त्यांना ठाऊक नसते.

त्यात आणखी एक विषमता आहे. टॉवर मोठ्या आवाजात बोलतो. तुमचा मोबाइल मात्र एका वॅटचा पाचवा हिस्सा एवढ्याच जोराने उत्तर देऊ शकतो. म्हणून पुष्कळदा असे होते की तुम्हाला समोरच्याचे सर्व ऐकू येते, आणि तुमचे बोलणे त्याला तुटक-तुटक जाते. पाहणाऱ्याला हे चालते, बोलणाऱ्याला चालत नाही. चित्रपट पाहावयाचा तर बिनतारी पुरते. मुलाखत द्यावयाची तर हाच दोष नेमका आडवा येतो. मराठीत आपण तरंगांना ‘लहरी’ म्हणतो, आणि ज्याचा भरवसा नाही अशा माणसालाही ‘लहरी’च म्हणतो. भाषेने हे आधीच ओळखले होते की काय, कोण जाणे!

वेगाविषयी दोन शब्द सांगून पुढे जातो, कारण जाहिरातीत सर्वांत मोठा आकडा त्याचाच असतो. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगा‘बिट’. आणि आपण फाइल मोजतो ती ‘बाइट’मध्ये. आठ बिटांचा एक बाइट. तेव्हा शंभराच्या जोडणीतून सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच उतरणार. त्यात कोणी लबाडी केलेली नसते. दुसरे असे की, एका चांगल्या व्हिडिओ संभाषणाला तीन-चार एमबीपीएस पुरतात. चार माणसांच्या घराला स्थिर असे ४० किंवा ५० भरपूर झाले. तीनशेची जोडणी घेऊन तिचे कौतुक सांगणारी माणसे मला भेटतात. त्यांना मी विचारतो की घरी चार माणसे आहेत की चाळीस? आपल्याला हवी आहे ती सारखी धार. नळाला मोठी धार येऊन मध्येच दोन मिनिटे गेली तर बादली उशिरा भरते, बिघडत काही नाही. पण त्या नळाखाली कोणी डोक्याला साबण लावून बसला असेल तर बिघडते. फाइल उतरविणे म्हणजे बादली; संभाषण म्हणजे साबण लावलेला माणूस. बोलणे पलीकडे पोचावयास सेकंदाच्या दीडशे सहस्रांशांपर्यंतचा उशीर माणसाला जाणवत नाही असे दूरध्वनीशास्त्र मानते. तारेत तो उशीर थोडा असतो आणि, महत्त्वाचे म्हणजे, सारखा असतो. हवेत तो आता थोडा, आता पुष्कळ, असा हेलकावे खातो.

खर्चाचाही हिशेब पाहा. मोबाइलच्या पुष्कळ योजनांत दिवसाला दीड किंवा दोन जीबीचा रतीब असतो. एका तासाच्या व्हिडिओ संभाषणाला साधारण एक जीबी लागतो. म्हणजे दोन तास शिकवणी झाली की दुपारपर्यंत रतीब संपला. पुढे धार इतकी बारीक की पत्र जाईल, चित्र जाणार नाही. तारेच्या सामान्य योजनांत महिन्याची मर्यादा हजारो जीबींची असते आणि ती एका घराच्याने संपत नाही. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोज सहा तास चालविणे म्हणजे दुधाच्या रतिबावर लग्नाचा स्वयंपाक करणे होय. मोबाइल तापतो, त्याची बॅटरी उतरते आणि घरातला माणूस तो घेऊन भाजीला गेला की सगळ्यांचेच इंटरनेट त्याच्याबरोबर मंडईत जाते.

आपण म्हणाल, हा गृहस्थ तारेचा वकील दिसतो. तेव्हा तारेचे दोषही सांगितले पाहिजेत, आणि ते लहान नाहीत.

पहिला दोष आपल्याच शहराचा आहे. तार जमिनीखालून यावी अशी अपेक्षा. पण आपल्याकडे ती बहुधा गच्चीवरून गच्चीवर, झाडावरून खांबावर, दिव्यावरून बाल्कनीवर अशी लोंबत येते. मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीची फांद्यांची छाटणी होते, तीत ती तुटते. गणपतीच्या उंच रथाला ती आडवी येते आणि कार्यकर्ते ती काठीने उचलतात. रस्ता खणणारा तर तिचा जन्मजात वैरी. आणि ती तुटली की जोडणारा माणूस येईपर्यंत तुमच्या हाती काही उरत नाही. फायबर तुटले तर दोन टोके पिळून जोडता येत नाहीत. काच वितळवून सांधावी लागते.

दुसरा दोष विजेचा. आपल्या वडिलांच्या घरचा जुना काळा टेलिफोन वीज गेली तरी वाजत असे, कारण त्याच्या तांब्याच्या तारेतून टेलिफोन एक्स्चेंज आपल्या बॅटरीची वीजही पाठवीत असे. काचेतून प्रकाश येतो, वीज येत नाही. म्हणून घरातली पेटी आणि राउटर ही दोन्ही घरच्या विजेवर चालतात आणि वीज गेली की मुकी होतात. उपाय सोपा आहे. राउटरसाठी बारा व्होल्टचा लहानसा यूपीएस मिळतो, तो दोन-तीन तास तग धरतो. पेटी आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही त्यावर घ्यावे. पुष्कळ जण एकालाच घेतात आणि मग यूपीएसला नावे ठेवतात.

तिसरे म्हणजे, मी तार तुमची आहे म्हणालो ते पूर्णांशाने खरे नाही. फायबरच्या प्रचलित पद्धतीत एक तंतू वाटेत फुटून ३२ किंवा ६४ घरांना जातो आणि अडीच हजार एमबीपीएसच्या आसपासची क्षमता त्यांच्यात वाटली जाते. परंतु या वाटणीत दोन गोष्टी चांगल्या आहेत. वाटेकरी ठरलेले असतात, मिरवणूक आली म्हणून ते वाढत नाहीत. आणि तंतूला भिंत, पाऊस, शेजारचा टॉवर यांपैकी कोणीच आडवे येत नाही. मोठा वाडा भाऊबंदांत वाटला गेला तरी तुमची खोली तुमचीच राहते, तसे हे आहे.

आणखी एक दोष माणसांचा आहे, तो कुजबुजत सांगतो. काही गृहरचना संस्थांत समिती एकाच कंपनीशी करार करते आणि दुसऱ्या कोणाची तार आत येऊ देत नाही. मग ती एक कंपनी वाटेल तशी वागते. अशा संस्थेच्या वार्षिक सभेत वाहनतळावर तीन तास वाद होतो आणि या ठरावावर तीन मिनिटेही होत नाही.

आता उंबऱ्याच्या आत येऊ. माझ्या मते निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ इथेच असते. माझ्या परिचयाच्या एका घरी, जुन्या वाड्यात, मुलीची नोकरीची मुलाखत दोनदा मध्येच तुटली. घरच्यांनी कंपनीला दूषणे दिली, अधिक वेगाची योजना घेतली, तरी तेच. जाऊन पाहिले तो राउटर पुढच्या खोलीत लोखंडी कपाटावर ठेवलेला, कारण तार आणणाऱ्या माणसाला दाराजवळ ते सोयीचे होते. कपाटाला मोठा आरसा. मुलीचे टेबल माजघरात, आणि मध्ये हात-दीड हात जाडीची दगडमातीची भिंत. या भिंतीने इंग्रजांचा उन्हाळा थोपवला, ती वायफायला काय दाद देणार! बारा मीटरची एक तार राउटरपासून भिंतीच्या कडेने टेबलापर्यंत नेली. तिसरी मुलाखत नीट झाली.

वायफायची सर्वसाधारण कंपनसंख्या २.४ गिगाहर्ट्झ. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच्याच आसपास काम करतो, आणि त्याला बाहेर गळण्याची थोडी खोड असते. सिमेंटच्या स्लॅबमधील लोखंड, पाण्याची टाकी, आरसा, धातूचे कपाट हे सर्व या लहरींचे शत्रू. शिवाय इथेही पुन्हा मंडपाचाच न्याय. या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाटा जेमतेम तीन, आणि इमारतीत बिऱ्हाडे वीस. तुमच्या लॅपटॉपवर वायफायच्या नावांची यादी उघडून पाहा. जितकी नावे दिसतील तितकी माणसे तुमच्या दिवाणखान्यात बसून बोलत आहेत असे समजा. पाच गिगाहर्ट्झचा दुसरा पट्टा आहे. त्यात वाटा पुष्कळ आणि गर्दी कमी, पण भिंतीपुढे तो लवकर दमतो. म्हणून राउटर ज्या खोलीत आहे तिथे पाचचा पट्टा घ्यावा. राउटर घराच्या मध्यावर, उंचावर, उघड्यावर ठेवावा. दिसावयास बरे दिसत नाही म्हणून त्याला कपाटात कोंडणे हा एका अर्थी पैशाचाच अपव्यय आहे. रिपीटर नावाचे स्वस्त यंत्र विकतात, त्याविषयी सावध असा. ते ऐकलेले पुन्हा बोलून दाखविते, आणि बहुधा त्याच वाटेने बोलते. त्यामुळे पल्ला वाढतो पण वेग साधारण निम्म्यावर येतो.

याउलट तारेची गोष्ट. घरातल्या या तारेच्या पद्धतीला ‘इथरनेट’ म्हणतात, आणि त्या नावात एक गंमत आहे. १९७१च्या सुमारास हवाई बेटांवर नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरील संगणक बिनतारी जोडले. सगळ्यांची हवा एक. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही वाया जाई, आणि दोघांनी थोडे थांबून पुन्हा बोलावयाचे, असा नियम होता. १९७३ साली कॅलिफोर्नियात रॉबर्ट मेटकाफ यांनी हाच सभाशिष्टाचार सुधारून तारेत घातला आणि जुन्या शास्त्रज्ञांच्या कल्पनेतील ‘ईथर’ या सर्वव्यापी द्रव्यावरून त्याला नाव दिले. म्हणजे घरातील तारेचे नाव आकाशातून आले! पुढे तारेने तो नियमही मागे टाकला. आता प्रत्येक यंत्राला स्वतःची जोडतार असते आणि तीत जाणे-येणे एकाच वेळी चालते. वायफायमध्ये अजूनही एका वेळी एकानेच बोलावयाचे असते.

ही तार महाग नाही. ‘कॅट-सिक्स’ म्हणून मागितली की कोणत्याही संगणकाच्या दुकानात मिळते. शंभर मीटरपर्यंत ती न थकता जाते, आणि आपल्यापैकी कोणाचे घर शंभर मीटर लांब नसावे. अलीकडच्या पातळ लॅपटॉपांना तिचे भोक नसते. त्यासाठी यूएसबीला लावावयाचा एक जोड मिळतो. तीत आठ बारीक तारा असतात. टोक नीट बसविले नाही आणि त्यांपैकी चारच लागल्या तर वेग शंभरावर अडतो. तेव्हा तीनशेचे पैसे भरणाऱ्यांनी हे तपासून घ्यावे.

दोष कुठे आहे हे ओळखण्याची युक्तीही यातच आहे. रात्री नऊ वाजता लॅपटॉप राउटरला तारेने जोडून वेग मोजा. मग तार काढून नेहमीच्या टेबलावर वायफायने मोजा. पहिला आकडा कमी आला तर कंपनीशी भांडा. पहिला चांगला आणि दुसरा वाईट आला तर भिंतीशी भांडा. ही मोजणी सकाळी करू नका. सकाळी सगळेच सज्जन असतात.

तेव्हा माझे मत असे: ज्याच्या दारापर्यंत फायबर येते त्याने तेच घ्यावे, मध्यम वेगाचे घ्यावे, आणि ज्या टेबलावर नोकरी किंवा शिक्षण चालते तिथपर्यंत आत तारच न्यावी. बाकीच्या घरासाठी वायफाय आहेच. मोबाइल आणि दूरचित्रवाणी यांना ते शोभते. मोबाइलचा डेटा अडचणीच्या दिवसासाठी राखीव ठेवावा, आणि तो शक्य तर दुसऱ्या कंपनीचा असावा, म्हणजे एकाच खड्ड्यात दोन्ही जाणार नाहीत. वर्षाचे पैसे एकदम भरण्याआधी एक महिना पाहावे.

परंतु ज्याचे बिऱ्हाड अकरा महिन्यांच्या करारावर आहे, ज्याला घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही, जो आठवड्यातून चार दिवस फिरतीवर असतो, किंवा जो लॅपटॉप उघडतो तो रेल्वेचे तिकीट काढण्यापुरता, त्याने तारेच्या मागे लागू नये. त्याला हवाच बरी. आणि जिथे फायबर येतच नाही तिथे २०२३ पासून एक मधला मार्ग निघाला आहे. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर टॉवरकडे तोंड करून एक पेटी बसवितात आणि तिच्यापासून तार घरात आणतात. तिला आडवी भिंत नसते आणि ती खिशातून फिरत नसते, म्हणून हॉटस्पॉटपेक्षा ती खात्रीने बरी. तरी रात्री नऊचा न्याय तिलाही चुकत नाही. जाहिरातीतील नावात ‘फायबर’ हा शब्द असला तरी विचारून घ्यावे की माझ्या घरात काच येणार आहे की लहर.

शेवटचा मुद्दा आपल्या घराबाहेरचा आहे. २०२४ सालच्या अखेरीस आपल्या देशात बिनतारी ब्रॉडबँडचे ग्राहक नव्वद कोटींच्या वर होते, आणि तारेचे चार कोटींहून थोडे अधिक. तेव्हा मी आतापर्यंत ज्या निवडीविषयी बोललो ती निवड फारच थोड्यांपुढे आहे. एक टॉवर उभारला की हजारो ग्राहक मिळतात. तार मात्र घरोघर न्यावी लागते, आणि ती जिथे पैसे सुटतात तिथे आधी जाते. २०११ साली केंद्र सरकारने अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली. पण पंचायतीच्या कचेरीपासून वाडीवरच्या घरापर्यंतचे अंतर त्या योजनेच्या बाहेरच पडले. २०२० सालच्या टाळेबंदीत कोकणातील मुले रेंज मिळावी म्हणून डोंगरावर, टेकडीवर जाऊन बसली आणि पावसात छत्री धरून शिकली. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा तारेचे खांबही पडले आणि टॉवरही मुके झाले. त्या दिवशी तार आणि बिनतारी हा वाद तिथे कोणाला सुचला नसेल.

शहरातही हा भेद आहे. एकाच पेठेत पुढच्या रस्त्यावर तीन कंपन्यांच्या तारा लोंबतात आणि मागच्या गल्लीत एकही येत नाही, कारण तिथे एकट्या घरासाठी तार ओढणे कोणाला परवडत नाही. पण दहा घरांनी एकत्र सह्या करून मागणी केली तर तोच कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन येतो, हे मी पाहिले आहे. त्याला एक ग्राहक नको असतो, दहा हवे असतात. गल्लीत एखादी मुलगी जिन्यात बसून मोबाइलवर तास ऐकत असेल, तर तिच्या घरची सही त्या अर्जावर आधी घ्यावी.

अध्यक्षांनी घड्याळ काढून समोर ठेवले आहे, त्याचा अर्थ मला कळतो. ज्यांना आपल्या घराचा नकाशा काढून राउटर कुठे ठेवावा हे विचारावयाचे असेल, त्यांनी सभा संपल्यावर मागच्या दाराशी भेटावे. कागद-पेन्सिल माझ्यापाशी आहे.